हातचा

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
आम्हा एकशे दहा मास्तर-मास्तरणींना
दोन कूलरच्या वाऱ्यात बसवून सांगण्यात आलं
की मूल तीन प्रकारचं असतं:
डोळ्याचं, कानाचं, हाताचं.

पुण्याहून आलेले सर छान बोलत होते.
पडद्यावर मेंदू होता, अर्धा निळा, अर्धा केशरी,
मधे रेघ, वाटण्या झाल्यावर
भावाभावांनी अंगणात ओढावी तशी.
मागच्या रांगेतून सोमकुवर सरांनी विचारलं,
"हे कोणी तपासून पाहिलं का?"
सर हसले. "असे प्रश्न
डाव्या मेंदूच्या माणसांना पडतात."
टाळ्या पडल्या. मग मठ्ठा आला.

मीही वाजवली टाळी. लिहून ठेवते.

तांडापेठेतली शाळा, चौथी ब.
वीस प्रश्नांचा कागद, मग स्टिकर.
अकरा डोळे, नऊ कान, बारा हात.
हजेरी घेताना वाटे, अख्खं पोर
एकही आलेलं नाही आज.
दुपारच्या सुट्टीत एक कान
फाटकाशी बांधलेल्या बकरीच्या कपाळावर गेला.
तिनं आठवडाभर तो सांभाळला.

माझ्या कपाटात याआधीची सालं आहेत.
विचार करायच्या रंगीत टोप्या.
'मला येत नाही' असं म्हणायचं नाही,
'अजून' येत नाही म्हणायचं, त्याचा तक्ता, वाळवी लागलेला.
आणि सगळ्यात खाली आधीच्या बाईंची छडी.
तिचाही सिद्धांत होताच,
तिलाही लोक टाळ्या द्यायचे.

लोकेश हेडाऊ हात निघाला.
म्हणून मणी, चिंचोके, कुल्फीच्या काड्या, माती.
मातीचा त्यानं असा काही बैल केला
की शिपाईमामांनी तो ऑफिसात नेऊन ठेवला.
वजाबाकी जिथल्या तिथे.

चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन.
तिनातून आठ जात नाहीत.
शेजारी शून्य.
"मॅडम, त्याच्यापाशीच काई नाई,
त्याले कायले मांगाचं?"

बावीस वर्षं मी हातचा, हातचा म्हणते आहे
आणि तो कधीच कोणाच्या हातात नसतो
हे त्या दिवशी ऐकू आलं.
(माझ्या कागदावर कान आला होता, म्हणूनही असेल.)

म्हटलं, शून्य पलीकडच्या घरी जातं,
चाराकडून उसनं आणतं,
त्यातलं थोडं ठेवतं, थोडं तुला देतं.
"म्हंजे आमची मावशी," तो म्हणाला.
बाप्पा! मला वाटलं, झालं.
जगणं आणि गणित जोडलं गेलं,
पुढच्या मे महिन्यात मीच पडद्यापुढे उभी राहीन.
पाटी पाहिली:
तीनशे पंचावन्न.

मग काय. बसलो.
तीच पाटी, तेच गणित, नंतर आकडे बदलून.
कधी मी चिडले, कधी तो पेंगला,
सोळा दिवस, त्यातले तीन विजेशिवाय.
एका गुरुवारी उत्तर आलं, दोनशे पंचेचाळीस,
आणि तो मान वर न करता पुढच्या गणिताला लागला.

का आलं?
सोळा दिवसांनी? मावशीनं?
की आई उमरेडहून परत आली होती आणि
डब्यात त्याच्या आवडीची भाजी होती?
त्याच्या कपाळामागे काय सरकलं
मला दिसलं नाही. मी अर्ध्या हातावर होते.

अहवालाच्या तक्त्यात रकाना आहे:
'कोणत्या शैलीने शिकला?'
तीन चौकोन, एकात बरोबरची खूण करा.
साहेबांचा दोनदा फोन आला.
चौथा चौकोन पेननं काढला आणि
त्यात काय लिहावं ते न सुचून
कागद तसाच ठेवला बैलाखाली.

शुक्रवारी, पाचशे वजा दोनशे सदुसष्ट.
लोकेशनं धावत आणून दाखवलं:
तीनशे सदुसष्ट.
"दोन शून्यं आहेत, मॅडम," तो म्हणाला,
जणू चूक माझीच.
सरक, म्हटलं, आणि त्याच्या बाकावर बसले.