बुडीत

फोर्टातल्या एजंटाला यांनी सांगितलं,
लग्नाला चाळीस वर्षं झाली.
झाली होती अडतीस. पण चाळिसाला
जहाजावर खर्चायला हजार रुपये जास्त मिळतात.
मग याचा भाव त्याला, त्याचा याला,
बिनखिडकीची खोली घेतली तर किती,
आगाऊ भरले तर आणखी किती.
मी बाहेर बाकावर,
चपलेचा तुटका अंगठा सांभाळत.

एकूण सहा हजार चारशे.
उतरलात की बुडीत, असं बारीक अक्षरात.

बॅलार्ड पिअर सुटलं तेव्हा
हे कठड्याशी उभे, शेड मोजत.
तेहतीस वर्षं इथे यांनी
लोकांच्या गोणी मोजल्या;
त्या कुठे जातात ते पाहिलं नव्हतं.

कॉफी दोनशे चाळीस. दोघांत एक.
वहीत शिल्लक: सहा हजार एकशे साठ.

तिसऱ्या पहाटे मुंबईचे दिवे दिसले
आणि हे घाबरले.
दुकानं बंद. फक्त फोटोवाला जागा.
होते नव्हते ते अकराही फोटो घेतले.
सगळ्यांत माझे डोळे मिटलेले,
आणि हे मागे बोट करून
काहीतरी मोजतायत.

एकच भिंतीवर लावलाय.
खाली यांच्या टपोऱ्या अक्षरात:
लग्नाचा चाळिसावा वाढदिवस.

आता दोन वर्षं तरी
दोघांनाही काढायला हवीत.