उघाडी

नेरूळच्या शेवटच्या सेक्टरामागे रस्ता संपतो,
तिथे कठड्याला सायकल टेकवून मी बांधावर उतरते.
पौष. साडेसहा. दुर्बिणीच्या काचा इतक्या गार
की डोळ्याला लावल्या तर भुवया ओल्या होतात.

आधी आवाज. शेकाट्यांची किरकिर,
जणू न वंगणलेलं दार
कुणी उघडू की नको करतंय.
मग पाय. लाल, काडीचे, एवढे लांब
की वरचा पक्षी नंतर आठवून बसवल्यासारखा.
थापटे गोल गोल फिरत पाणी गाळतात,
आणि ओल्या चिखलावर टिलवे,
कुणाची तरी सुटी नाणी सांडून धावत सुटलेली.

मी मोजते.
थव्यावर मनातल्या मनात चौकटी टाकायच्या,
एका चौकटीतले मोजायचे, मग गुणायचे.
हात जुना आहे. अठ्ठ्याऐंशी साली
नगररचनेच्या कार्यालयात मी ट्रेसर होते.
अमोनियाचा वास, शाईचं पेन,
रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने खरवडायची.
एका कागदावर ही जागा आली होती.
साहेब म्हणाले, पिवळा. निवासी.
मी पिवळा भरला,
कडेबाहेर थेंब जाऊ दिला नाही.
कागदावर पाणी नव्हतंच.
त्या दुपारी डब्यात काय होतं तेही आठवतं:
गवारीची भाजी.

भराव झाला तो अर्धाच.
नळ्या तुंबल्या, भरती
दारावरून परत जायची.
कित्येक वर्षं इथे काळा साका
आणि चिंबोऱ्यांची रिकामी कवचं.
मग कुणी अर्ज केले, कुणी कोर्टात गेलं,
कुणी नुसतं घमेलं घेऊन आलं.
मी घमेल्यातली, तीही उशिरा आलेली.
नळीतून विटा निघाल्या, बेसिनं निघाली,
एक अख्खा दरवाजा निघाला, कडीसकट.

हिराजी मढवी उघाडीच्या कट्ट्यावर बसलेला.
फळ्या उचलणं, टाकणं त्याच्याकडे.
मी विचारते, या लांब चोचीच्याला तुमच्यात काय म्हणतात?
मी त्याला मालगुजा लिहिते.
"नाव नाय. तो आयला का कोलंबीचा इस्वास नाय."
मी वहीत तेही लिहून घेते.

दोनशे दहा, दोनशे वीस,
आणि तिवरांवरून भोवत्या येतो,
घाई नसलेला, पंख किंचित वर धरून.
सगळं तळं एकदम उठतं.
माझ्या चौकटी हवेत,
पोटं पांढरी, पाठी करड्या, पांढरी, करडी,
आणि खाली नुसतं पाणी,
ज्यात मोजण्यासारखं काही नाही.

हिराजी थर्मासच्या झाकणात चहा देतो.
"तुमी पयले कुठं व्हत्या कामाला?"
ऑफिसात.
"काय काम?"
रेघा मारायच्या.

तो हसत नाही. थोडा वेळ उघाडीकडे बघतो.
"मंग हिला एक मारून द्या.
पोरं इसरतान, पानी कुठवर घेवाचा.
जास्ती झाला का चिखल बुरतो,
मंग पाखरू उभा कुठं रवाचा?"
होडीचा उरलेला रंग तो डब्यात घेऊन येतो.
झाकण उचकटतो.
पिवळा.

मी गुडघे टेकते. ब्रशचे केस झडलेले,
शेवाळावर रंग धरत नाही,
साडीच्या पदराने फळी पुसावी लागते.
हिराजी बोटाने दाखवतो: हितं. नाय, दोन बोटं खाली.
हात थरथरतो.
रेघ वाकडी येते, डावीकडे ओघळते,
मी खरवडत नाही.

"पानी यवाला अजून अर्दा तास हाय," तो म्हणतो. "वालंल."

शेकाट्या एकेक करून परत उतरतात.
आजच्या पानावर:
शेकाट्या, अंदाजे.
मालगुजा, अंदाजे.
भोवत्या, एक.
निवट्या मोजल्या नाहीत.