तिसरा पाट

म्हादईच्या काठावर आम्ही
आभाळाकडून फक्त पाऊस घेत आलो.
गार म्हणजे थंड,
एवढाच अर्थ होता घरात.

यामिनी निफाडची.
लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात तिनं विचारलं,
"आई, या घराला स्लॅब कुठे आहे?"
"नव्या न्हाणीवर. का गं, पतंग उडवायचाय?"

ती हसली नाही.
न्हाणीतली लाकडं तिनं पडवीत काढली,
आत दोन पाट ठेवले, घोंगडी, बॅटरी.
मी शेजारणीला म्हटलं, सून जरा वेगळीच आहे.

त्या दुपारी बोंडूंच्या पाट्या अंगणात भरलेल्या,
मागे भट्टी पेटलेली.
आभाळ हिरवट झालं, न घासलेल्या तांब्यासारखं.
वारा पडला. कोंबड्या आपण होऊन खुराड्यात.
यामिनीनं वासरू आत ओढलं,
शिंपल्यांच्या खिडकीला गादी उभी टेकवली,
आणि आम्हाला.

पहिली गार भट्टीच्या पत्र्यावर,
कुणी काजूची बी मारावी तशी.
दुसरी सुपारीएवढी.
मग मोजणं संपलं.

मी पाट्यांकडे धावले.
तिनं दंड धरला; वळ आठवडाभर होते.
"बोंडू परत येतील."
रोहिदास स्कूटर झाकायला निघाला,
तर चावी हिच्या कनवटीला.

न्हाणीत आम्ही चौघं आणि वासरू.
वर सासऱ्यांच्या वेळची कौलं फुटत होती,
एक, मग तीन, मग नुसता आवाज.
अंधारात ती म्हणाली,
"माझा भाऊ दोरीवरचा सदरा काढायला धावला होता.
नववीत होता.
आता डावीकडून हाक मारली
तर त्याला कळत नाही."
वासरू तेवढं श्वास घेत होतं.

अकरा मिनिटं.
दार उघडलं तर अंगण पांढरं,
आणि बर्फातून येणारा
चेचलेल्या बोंडूंचा वास.
तन्वेश गारा ओंजळीत भरून आला.
रोहिदासनं शिडी लावली, तिनं ती आडवी केली.
"उद्या. ओल्या कौलांवर आज कुणी नाही."
रात्रभर भोकांखाली बादल्या, टोपं, पूजेचं घंगाळ
आपापल्या सुरात वाजत राहिली.

यंदा चैत्र लागला तशी
लाकडं मीच पडवीत काढली.
तिच्याशी बोलले नाही त्यावर.
पुढच्या आठवड्यात भाऊ येतोय तिचा.
तिसरा पाट ठेवलाय,
डावा कान भिंतीकडे राहील असा.