कुबट

दोंडाईच्याच्या बाजारातला मका,
क्विंटलमागे दोनशे साठ रुपयांनी स्वस्त.
भटू दलाल म्हणाला,
"जरासा ओलावा खायेल शे. कोंबडीले काय समजस?"
मी मूठभर घेतला, नाकाशी नेला,
आणि मला कळलं.
हे आधीच सांगून टाकते.
मला कळलं होतं.

दाण्याच्या टोकाशी हिरवट भुकटी,
फुंकली की उडणारी.
वास बंद पेटीतल्या गोधडीचा,
पण गोधडीला ऊन दाखवलं की वास जातो.
चक्कीत घातला.
दळल्यावर चांगला-वाईट सगळा एकाच पिवळ्या रंगाचा.
त्या रंगावर मी विश्वास ठेवला,
कारण तो सोयीचा होता.

दहिवेलच्या रस्त्याला आमची शेड,
दोन हजार पिल्लं, एकाच गाडीतून उतरलेली.
चौदाव्या दिवशी
एक मुठीएवढं, दुसरं ओंजळीएवढं,
जशी चार वेगवेगळ्या वर्षांची भावंडं.
पाय पिवळेधमक हवेत,
ते ताकात बुडवून काढल्यासारखे.
खाली तूस ओलं.
लस टोचलेली होती, वेळेवर, वहीत तारीख आहे,
तरी रोज सकाळी टोपलीभर.

तेविसाव्या दिवशी काट्याला लटकवलं :
सहाशे दहा ग्रॅम.
मी काटा झटकला. पुन्हा सहाशे दहा.

सुरवाडे डॉक्टरांनी खाद्याच्याच रिकाम्या गोणीवर
एक उलटं ठेवलं, कात्री चालवली.
कलेजी बाहेर काढली,
उटण्याच्या रंगाची, फुगलेली,
बोटाखाली खव्यासारखी फुटली.
"मका कुठला?" एवढंच विचारलं.
मी म्हटलं, भाजून घेते उरलेला.
ते हात धूत म्हणाले,
"बुरशी मरेल, बाई.
तिनं करून ठेवलेलं मरत नाही."

अकरा गोण्या उरल्या होत्या.
लोटन म्हणाला, डुकरांना टाकतो.
त्याच्या वाड्यात मी उभी होते
तेव्हा त्यानं घमेलं ओतलं.
मोठी मादी धावत आली, चिखल उडवत,
सोंड घातली,
थांबली.
एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि वळून गटारातली साल चघळायला लागली.
"इले गटार चालस," लोटन म्हणाला, "हाई नही."
लहानग्यांनी दोन घास घेतले आणि ओकून टाकले.
मग त्याला आठवलं,
मागच्या साली अशाच मक्यानं
कोवळ्या माद्या माजावर आल्यासारख्या सुजल्या होत्या,
आणि त्यानं पोरांना तिकडे जाऊ दिलं नव्हतं.
गोण्या आम्ही दोघांनी मिळून खड्ड्यात ओतल्या,
वर चुना.

उरलेली पिल्लं विकली गेली.
साक्रीच्या गाडीवाल्यानं वजन केलं,
पाय पाहिले नाहीत.
मी दाखवले नाहीत.

आता नवा मका आला की
पहिली ओंजळ लोटनच्या वाड्यावर नेते.
ती सोंड घालते, मी श्वास धरून.
आमच्या दोघींच्या नाकात फरक नव्हता त्या दिवशी.
फरक त्यानंतरचा.
ती खाते. कान झटकते.
मी रिकामं घमेलं उचलते
आणि तिला काही न म्हणता निघते.