आधी कंदील सोडायचा

आप्पा सकाळपासून पंचाची घडी घालतायत.
चार कोपरे, दोन हात,
आणि हातांना जडलेला तो बारीक कंप,
आत कुणी चाळणी धरून हळद चाळत असल्यासारखा.
कोपऱ्याला कोपरा मिळत नाही.
मी पुढे होत नाही. त्यांना चालत नाही.

मिरजेला माझं कामही घड्यांचंच.
प्रथिनाचा धागा पेशीत येतो तो उघडा, लांबलचक,
उंबऱ्यातल्या नवरीसारखा बावरलेला,
आणि त्याच्यासोबत पाठराखीण असते.
कुठे वाकायचं, कुणाला चिकटायचं नाही,
ती कानाशी सांगत राहते,
घडी बसली की गुपचूप माघारी.
माझ्यासोबत गोदाक्का आली होती.
पाचव्या दिवशी ती एसटीत चढली
तेव्हा मी रडले. ती खिडकीतून म्हणाली,
केस बांध आधी.

काहींची घडी बसतच नाही.
भलतीकडे दुमडतात, एकमेकांत गुंततात,
ओल लागलेलं हळकुंड
अख्ख्या पोत्याला लागावं तसे पसरतात.
पेशी त्यांच्या पाठीवर खूण मारते,
बाजारात हमाल पोत्यावर गेरू ओढतो तशी,
आणि कुट्टीत घालते.
तुकडेही वाया घालवत नाही,
त्यांचंच पुन्हा नवं विणते.

पण कुट्टीही म्हातारी होते.
कातडी बदलते, रक्त बदलतं,
मज्जापेशीला दुसरी पाळी नाही.
बसली ती बसली, जुन्या अडत्यासारखी,
जन्मभर त्याच गादीवर.
आप्पांच्या त्या पेशी आप्पांच्याच वयाच्या:
अठ्ठ्याहत्तर. सुट्टी नाही.

मग ती काय करते सांगू?
कुट्टी तुंबली की पेव करते.
जे मोडत नाही, जे फेकता येत नाही,
ते ओढत ओढत एका जागी आणते
आणि तोंड लिंपून टाकते.

भिंगाखाली कुणा गेलेल्या माणसाच्या मेंदूचा पापुद्रा असतो,
त्यात दिसतं ते: गुलाबी, गोल,
भोवती फिकट कडं.
आम्ही शिकलो तेव्हा सर त्यालाच खुनी म्हणायचे.
आता काही जण म्हणतात, खुनी नव्हे, कोठडी असेल.
मला अजून माहीत नाही.
मी मोजते, वहीत आकडा लिहिते,
आणि चिंचांच्या रस्त्यानं हरिपूरला घरी येते.

इथल्या पेवांत आप्पा तीस वर्षं उतरले.
तोंड एवढंसं, आत पोट भलं मोठं,
कोंदलेली हळद, कोंदलेली हवा.
आधी कंदील सोडायचा दोरीला बांधून.
ज्योत तगली तर माणूस.
विझली तर वर बसून तंबाखू मळायची, थांबायचं.
एकदा रायगोंडा थांबला नाही.
त्याचं नाव आप्पा अजूनही हलक्या आवाजात घेतात.
पुढे पूर आला, पेवं आतून ढासळली,
नदीकाठ किती तरी दिवस पिवळा वास मारत होता.

परवा रात्री मी त्यांना सगळं सांगितलं.
म्हटलं, आप्पा, तुमच्या डोक्यात पेवं आहेत.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "तोंडं लिपल्यात न्हवं?"
म्हटलं, लिपलीयत.
"मग उगंच उकरू नगा.
उतरायचंच झालं तर आदी कंदील सोडा."

आज पत्र्याच्या ट्रंकेत मी गोधडी शोधत होते.
तळाशी पंचे निघाले. अकरा.
वाकडे, बोळा झालेले, एकमेकांत अडकलेले,
प्रत्येक जण घडी होता होता राहिलेला.
जे जमले नाहीत ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत,
इथे आणून दाबले होते.

मी ट्रंक लावली, काही न बोलता.
आता ते बारावा घेऊन आलेत.
झाकण उघडलं, बंद केलं,
आणि वर जाऊन बसलेत,
दोन्ही हात मांड्यांखाली धरून,
हात हलू नयेत म्हणून,
की झाकण.