दोनशे पाच ग्रॅम

दुकानातून आणलं आणि आधी काट्यावर ठेवलं.
चाळीस वर्षांची खोड.
दोनशे पाच ग्रॅम.
फ्रिजमधल्या लोण्याच्या दोन कांड्या
या पॅडलहून जड भरल्या.

याच मनगटानं मी डलूथच्या शाळेत
रोज साडेचारशे पोरांचं सूप ढवळलं,
कुस्करलेल्या बटाट्यात हात बुडेपर्यंत डाव फिरवला.
आता तेच मनगट
बरणीचं झाकण नुसतं पाहिलं तरी कुरकुरतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खेळा, पण काहीतरी हलकं घ्या.
जणू आजवर मी
जड तेवढंच निवडून घेत आले होते.

मंगळवार-शुक्रवार, लूथरन चर्चचा तळमजला.
बाहेर सरोवर गोठून पांढरंफटक,
आत निळ्या चिकटपट्टीनं आखलेलं मैदान,
पियानो भिंतीशी सारलेला, त्यावर सगळ्यांचे कोट.
चेंडू पिवळा, भोकाभोकांचा,
झाऱ्यानं बाळसं धरावं तसा.
आवाज टण्ण नाही, धप्प नाही.
टॉक.
कुणी एकदाच दार वाजवून निघून जावं, तसा.

आणि जाळीला लागून दोन्हीकडे सात-सात फुटांचा पट्टा,
त्याचं नाव किचन.
तिथं उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही.
पहिल्या दिवशी हा नियम सांगताना
माझी जोडीदारीण फर्न अडखळली.
मी इतकी हसले की बसायला खुर्ची शोधावी लागली.
निवृत्ती म्हणजे काय ते
शाळेनं निरोपसमारंभातसुद्धा
इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आज पलीकडे डेल निएमी.
पन्नाशीचा, खांदे दारात न मावणारे,
बर्फ उपसायचे दोन ट्रक आहेत त्याचे.
पॅडल काळं, कडेला शिशाची पट्टी लावून मुद्दाम जड केलेलं.
मारतो ते थेट माझ्या पोटावर.
दोनशे पाच ग्रॅम मुठीत थरथरतात,
चेंडू छताच्या दिव्यांकडे.
"सॉरी, मिसेस टॉलफसन!"
आणि पुढचा पुन्हा तिथंच.
पाणी प्यायला थांबलो तर शिशाचं रीळ पुढं करतो,
"थोडं लावून बघा. हातात वजन पाहिजे."

तिसरीतला डेल.
जेवणाच्या रांगेत सगळ्यात शेवटी,
खिशात नसलेली नाणी
बराच वेळ शोधत राहणारा.
त्याच्या नावापुढे मी रोज खूण करायचे, पैसे भरले,
पेन्सिलीनं, न दाबता.
त्याला हे ठाऊक नाही.
जेवून झाल्यावर तो मागच्या दारानं
पावाच्या वासावर पुन्हा आत शिरायचा
आणि मी पाठमोरीच ओरडायचे.

सात-दहा-दोन, फर्न पुकारते.
चेंडू जातो, येतो, जातो,
मग डेलचा तो पोटावरचा.
या वेळी मी मारलंच नाही.
मूठ सैल सोडली,
काठोकाठ वाडगं सूप कुणाच्या हाती द्यावं तशी,
आणि चेंडू जाळीवरून
नुसता पलीकडे उतरू लागला.
टिचकीएवढा.
डेलला धीर कुठला. धावला,
टप्पा पडायच्या आतच हाणला,
चेंडू माझ्या कानाजवळून भिंतीवर.
सगळे गप्प.
मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
निळी रेघ टाचेच्या मागं.

"डेल! किचनमधून बाहेर!"

तो आवाज अजून माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.
साडेचारशे थाळ्यांच्या खडखडाटावरून जायचा तो.
डेल जागच्या जागी थिजला,
पॅडल झटकन पाठीमागं,
जणू हातात पाव आहे.

आम्ही हरलो. अकरा-आठ.
रीळ पियानोवर पडून आहे,
फर्न म्हणते, फुकट मिळतंय तर घे की.
बघू.
घरी जाऊन पॅडल
पुन्हा एकदा काट्यावर ठेवणार आहे.