इतर दोन

बंदर कचेरीत नऊ वर्षं टायपिंग करते मी.
नोव्हेंबर लागला की गिडिअन इस्बिस्टर
पिवळ्या कागदावर तेच भाषण घेऊन येतो:
‘मार्गिट बोटीबरोबर गेलेले
आपल्या गावाचे चार सुपुत्र, आणि इतर दोन.’
मी तसंच उतरवत आले.
स्वल्पविरामासकट.

यंदाचा कागद खोडरबराच्या चुऱ्यानं भरलेला.

‘सुपुत्र’वर काट.
म्हणाला, इंगा लीस्क सुपुत्रांत कशी बसते गं?
सतरा वर्षं बसवली आपण.
तिची आई दर वेळी त्या शब्दाशी
एक हातमोजा काढायची, पुन्हा घालायची.
मला वाटायचं, शेटलंडची थंडी.

‘सहा माणसं’ चालेल का, विचारलं त्यानं.
चालेल की, म्हटलं.
माणसं कुठंही चालतात.

‘इतर’पाशी मात्र अडला.
पेन्सिल कानावर ठेवून
सामन मासे कापतात त्या शेडमध्ये गेला,
बर्फाच्या पेट्यांतून वाट काढत,
अजोआ अमिसाला शोधत.
पाच वर्षं झाली तिला या गावात.
पाचही वर्षं शेवटून तिसऱ्या बाकावर होती,
‘इतर दोन’ ऐकत.

तुमच्याबद्दल ‘दुर्दैवी विधवा’ असं लिहावं का,
त्यानं भीत भीत विचारलं.
कोपरापर्यंत रबरी मोजे, हातात सुरी:
मी दुसऱ्या पाळीची मुकादम आहे.
लिहायचं तर ते लिहा.
मग सुरी पुसत, जरा थांबून:
कोजो म्हणजे सोमवारी जन्मलेला.
अजोआ म्हणजे सोमवारी जन्मलेली.
आम्ही दोघं सोमवारचे.
‘इतर’ कुठल्या वारी जन्मतात
मला ठाऊक नाही.

हे त्यानंच मला सांगितलं,
खिडकीकडे तोंड करून.

पबमध्ये रॉबी म्हणाला म्हणे,
आता बोलायचीही चोरी झाली!
गिडिअननं ग्लासातला फेस खाली बसू दिला.
चोरी नाही रे. थकबाकी आहे.
रॉबीला ते पटलं असं नाही.
पण बिल त्यानं भरलं.

‘सर्वांनी उभं राहावं’
हे वाक्य मीच काढलं, न विचारता.
माझ्या भावाचा पाय विंचमध्ये गेला.
त्या वाक्याला तो खाली बुटाकडे बघतो.
बूट एकच.
माझाच भाऊ,
आणि नऊ वर्षं ते वाक्य माझ्याच बोटांनी टाईप केलेलं.
तिथं आता ‘जरा वेळ शांत राहू या’.
शांत तर तो केव्हापासूनच आहे.

रविवारी धक्क्यावर वारा असा
की कागद दोन्ही हातांनी धरावा लागला.
गिडिअननं नावं घेतली, वयानुसार,
गावानुसार नाही.
इंगा लीस्क, स्वयंपाकी. कोजो अमिसा, जाळी.
आणि मग रोडेल… मागबानवा.
मागबा-नु-आ, मागून कुणीतरी म्हणालं.
कारखान्यातला पोरगा, विशीतला,
बोलून गेला आणि लाल झाला.

गिडिअन थांबला.
मला वाटलं, पुढं जाईल.
आजवर आपण पुढंच गेलो.
त्यानं टोपी काढली,
ओठ आधी नुसते हलवून पाहिले, शाळेतल्या मुलासारखे,
आणि म्हणाला:
रोडेल मागबानुआ.
अजून नीट नव्हतंच ते.
पोरानं मान हलवली, जाऊ द्या अशी नव्हे,
जवळ आलात अशी.

इंगाच्या आईचे दोन्ही मोजे हातातच राहिले.
अजोआकडे मी पाहिलं नाही. धीर झाला नाही.

सोमवारी कागद फाईलला लावला.
‘इतर’ जिथं होतं तिथं
त्यानं इतकं खोडलंय
की आरपार भोक पडलंय.
खिडकीशी धरलं तर
त्यातून धक्का दिसतो,
एक बोट,
आणि दोर सोडणारं कुणीतरी,
इतक्या लांबून
कोण ते सांगता येत नाही.
विचारावं लागेल.